नाशिकच्या पोलिसांना चिलखती गाडी हवी का?

पंचवटीतल्या एका कॉलेजच्या मुलाने विचारलंय: "एनसीसीतून देवळालीच्या रेंजवर तोफखान्याचा 'तोपची' सराव पाहायला गेलो होतो. परत येताना द्वारका चौकात बंदोबस्तावरचे पोलीस दिसले, हातात लाठी आणि ढाल, बस्स. अमेरिकेत लहान लहान गावांच्या पोलिसांकडेसुद्धा सैन्याच्या चिलखती गाड्या असतात म्हणे. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय. आपल्या शहर पोलिसांना तशी गाडी, तशी शस्त्रं नकोत का? की आली तर ती आपल्यावरच चालतील?"

तुझ्या प्रश्नातली काळजी आणि भीती दोन्ही रास्त आहेत, म्हणून जरा बैजवार लिहितो. मी 33 वर्षं महाराष्ट्र पोलिसांत काढली. फौजदार म्हणून लागलो, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झालो. सुरुवातीची दोन वर्षं गडचिरोलीत गेली, मधली काही मालेगावात, बरीचशी नाशिक शहरात, आणि शेवटची नव्या पोरांना शिकवण्यात.

आधी उत्तर देऊन टाकतो. होय, नाशिक शहर पोलिसांकडे गोळी अडवणारी गाडी असावी. दोन असाव्यात, कारण एक कायम वर्कशॉपला असते. त्या जलद प्रतिसाद पथकाच्या, म्हणजे क्यूआरटीच्या ताब्यात असाव्यात. मोर्चा, मिरवणूक, दंगल किंवा कुंभाची गर्दी असेल तिथे त्या दिसूसुद्धा नयेत. आणि त्यांची ऑर्डर देण्याआधी बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिपायाच्या डोक्यावर धड हेल्मेट आणि अंगात त्याच्या किंवा तिच्या मापाचं जाकीट यावं.

गाडीबद्दलचा पहिला धडा मला गडचिरोलीत मिळाला, आणि तो गाडीत न बसण्याचा होता. माओवाद्यांशी लढणारं पोलिसांचं सी-60 पथक 1990 मध्ये उभं राहिलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी तिथे गेलो. पहिल्या आठवड्यात एका स्थानिक हवालदाराने सांगितलं, "साहेब, रस्ता सोपा वाटला की उतरायचं." तो माणूस मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालच्या नाल्याच्या, दोनशे पावलं आधी थांबायचा. रस्त्याच्या कडेची माती बघायचा. पावसाने बसलेली माती आणि कुणीतरी खणून परत लोटलेली माती यांचा रंग वेगळा असतो, हे त्याने मला ओणवं होऊन दाखवलं होतं. मग दोघे जण डावी-उजवीकडून झाडीत शिरायचे, सुरुंगाची वायर आहे का बघत मोरीच्या पलीकडे निघायचे, आणि त्यांनी हात केल्यावरच बाकीचे पुढे. दहा किलोमीटरला अर्धा दिवस लागायचा.

पुढे माओवादी भागांत सुरुंगरोधक गाड्या आल्या. त्यांचा तळ होडीसारखा निमुळता असतो, म्हणजे खालून स्फोट झाला की त्याचा जोर दोन्ही बाजूंना फाकतो. कल्पना उत्तम आहे. पण समोरच्याने काय केलं? स्फोटकं वाढवली. सप्टेंबर 2005 मध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात पडेड्याजवळ अशीच गाडी उडवली गेली आणि 24 जण गेले. मार्च 2018 मध्ये सुकम्यातल्या किस्तारामजवळ पुन्हा सुरुंगरोधक गाडीच उडाली, सीआरपीएफचे 9 जवान गेले. आणि 1 मे 2019 ला, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, आपल्या गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ 15 पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर गेला. ते तर साध्या खासगी गाडीतून चालले होते. दोन ठिकाणी चिलखत होतं, तिसऱ्या ठिकाणी नव्हतं. तिन्हीकडे गाडी जिथून गेली त्या रस्त्याखाली आधीच स्फोटकं पुरलेली होती. चिलखतावर विसंबून रस्ता बघायचं राहिलं की काय होतं, हे मी पोरांना दर बॅचला सांगायचो.

म्हणून गडचिरोलीत अशी गाडी नकोच, असं माझं म्हणणं नाही. जखमीला गोळीबारातून बाहेर काढायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त ती कशासाठी आहे हे डोक्यात पक्कं हवं.

आता गाडी या वस्तूबद्दल थोडं, कारण यावर बोलणाऱ्या बहुतेकांनी तिचा दरवाजासुद्धा कधी ओढून बघितलेला नसतो. एका जिल्ह्याच्या मुख्यालयात, नाव सांगत नाही, माझ्याकडे दहशतवादी हल्ल्याच्या सरावाचं निरीक्षण होतं. एमटीच्या, म्हणजे पोलिसांच्या वाहन विभागाच्या, शेडमध्ये चिलखती गाडी उभी होती. सरावाचा संदेश वायरलेसवर आला आणि ड्रायव्हरने किल्ली फिरवली तर नुसती टिकटिक. बॅटरी उतरलेली. ज्याला ती गाडी चालवायचं प्रशिक्षण दिलं होतं तो पोलीस ठाण्याला बदलून गेलेला, आणि आताचा ड्रायव्हर तिच्यात दुसऱ्यांदाच बसत होता. दुसऱ्या गाडीवरून वायर जोडून ती सुरू केली. मागचा दरवाजा बिजागरीतून इतका खाली आला होता की बंद करायला दोघांना खालून उचलावा लागला. समोरच्या काचेच्या कडा दुधाळ झाल्या होत्या. ही काच एकसंध नसते, काच आणि प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की थर सुटतात, मध्ये बुडबुडे येतात. मग ती गोळी किती अडवेल ही शंका राहतेच, शिवाय संध्याकाळी समोरचा माणूसही नीट दिसत नाही. गाडी फाटकाबाहेर पडायला पन्नास मिनिटं लागली. तोवर सराव संपला होता.

त्या ड्रायव्हरची चूक नव्हती. साध्या गाडीवर पोलादी पत्रे आणि जाड काचा चढल्या की एक टनाहून जास्त वजन वाढतं. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन सगळं लवकर झिजतं. वळणावर गाडी कलते, कारण वजन वर गेलेलं असतं. गोळी लागूनही धावेल असं टायर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला खोलता येत नाही. कागदावर सहा जण बसतात, पण जाकीट, हेल्मेट, रायफल घेऊन मी सहा जण बसवून पाहिले तेव्हा मधल्याला उतरायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि गोळीबारात उतरायला लागणारा वेळ हाच सगळा हिशेब असतो. बी-6 दर्जाची गाडी रायफलची साधी गोळी अडवते. चिलखत भेदायला बनवलेली गोळी किंवा खालून होणारा स्फोट, त्याची हमी त्या दर्जात नाही. हे पथकातल्या शेवटच्या शिपायालाही माहीत हवं, नाहीतर तो गाडीच्या भरवशावर नको तिथे जाऊन उभा राहील.

मग एवढं असूनही गाडी हवी असं मी का म्हणतो? पहिल्या तीन तासांसाठी.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मी पोलीस ठाण्यात टीव्हीसमोर उभा होतो. बसायचं सुचलंच नाही. 10 जण एके रायफली आणि हातबॉम्ब घेऊन मुंबईत शिरले होते आणि आमच्या माणसांच्या हातात जुन्या .303 रायफली होत्या, काहींच्या हातात फक्त लाठी. कामा हॉस्पिटलच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर एका साध्या क्वालिसमध्ये होते. त्या गाडीला गोळी अडवणारं काही नव्हतं. केंद्राच्या दहशतवादविरोधी दलाचे, म्हणजे एनएसजीचे, कमांडो दिल्लीकडून येऊन कामाला लागायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. तोपर्यंतची रात्र मुंबई पोलिसांची होती. 166 माणसं गेली. त्यानंतर राज्याने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो पथक उभारलं, मुंबईत एनएसजीचं केंद्र आलं, मार्क्समनसारख्या हलक्या चिलखती गाड्या मुंबई पोलिसांना मिळाल्या. हे सगळं गरजेचंच होतं.

आता नाशिकचा विचार कर. फोर्स वन मुंबईत, एनएसजीचं केंद्रही मुंबईत. नोटांच्या छापखान्याला सीआयएसएफचा पहारा आहे, देवळालीत सैन्य स्वतः आहे. पण सीबीएसचं बसस्थानक, कोर्टाचं आवार, एखादा मॉल, कॉलेज रोडवरची संध्याकाळ, रामकुंडाचा घाट, हे सगळं शहर पोलिसांच्या जिवावर आहे. समृद्धी महामार्ग झाला तरी मुंबईहून पथक निघून, पोचून, नकाशा समजून आत शिरेपर्यंत तीन तास धरावेत. हेलिकॉप्टर मिळालं तर कमी, पाऊस असला तर जास्त. तेवढा वेळ इथल्याच माणसांना ती जागा वेढायची आहे, जखमी बाहेर काढायचे आहेत आणि गोळ्या झाडणाऱ्याला एका कोपऱ्यात अडकवून ठेवायचं आहे. उघड्या पटांगणातून जखमीपर्यंत पोचायला पोलादाची एक हलती भिंत लागते. चिलखती गाडी म्हणजे ती भिंत. तिच्या टपावर मशीनगन लागत नाही.

याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतलंच आहे. 28 फेब्रुवारी 1997 ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलीवूड भागात दोन दरोडेखोर अंगभर चिलखत घालून, स्वयंचलित रायफली घेऊन बँकेतून बाहेर पडले. पोलिसांच्या पिस्तुलाच्या गोळ्या त्यांना लागत होत्या, पण भेदत नव्हत्या. पोलिसांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली मागून आणल्या. रस्त्यात पडलेल्या जखमींना बाहेर काढायला त्यांनी कोणती गाडी वापरली असेल? बँकांची रोकड वाहणारी चिलखती गाडी, तिथल्या तिथे ताब्यात घेतली. दोन्ही दरोडेखोर मेले, बाकी कुणाचा जीव गेला नाही. त्या दिवसानंतर तिथल्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांत रायफली मागितल्या, यात मला काहीच गैर दिसत नाही.

गैर झालं ते वेगळ्या वाटेने. अमेरिकेत 1997 पासून '1033' नावाची योजना आहे. सैन्याला नको झालेलं सामान स्थानिक पोलिसांना जवळजवळ फुकट, फक्त वाहतूक आणि देखभालीच्या खर्चात मिळतं. त्यात ब्लँकेटं, जनरेटर, प्रथमोपचाराचं सामानही असतं, रायफली असतात आणि इराक-अफगाणिस्तानसाठी बनवलेल्या चौदा-चौदा टनांच्या सुरुंगरोधक गाड्याही असतात. फुकट मिळतंय म्हटल्यावर गरज मागाहून शोधली गेली. सॅन दिएगोच्या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या पोलिसांनीसुद्धा अशी एक गाडी घेतली होती! 2014 मध्ये लोकांनी विचारल्यावर ती परत केली.

परत करण्याचं कारण म्हणजे त्याच वर्षीचं फर्ग्युसन. मिसुरी राज्यातल्या त्या छोट्या शहरात 9 ऑगस्ट 2014 ला मायकेल ब्राऊन हा 18 वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. लोक रस्त्यावर आले. समोर चिलखती गाडी, आणि गाडीच्या टपावर दुर्बिणीच्या रायफलीतून दिवसाढवळ्या जमावावर नेम धरून बसलेला पोलीस. ते फोटो जगाने पाहिले. मी ते वर्गात दाखवायचो आणि विचारायचो, "हा पोलीस कुणाकडे बघतोय?" पोरं म्हणायची, जमावाकडे. मी म्हणायचो, नीट बघा, तो दुर्बिणीतून बघतोय. त्याला जमाव दिसतच नाही, एका वेळी एकच छाती दिसते. पुढे अमेरिकेच्याच न्याय विभागाच्या पाहणीत नोंद झाली की अशा रीतीने नेमबाज बसवल्यामुळे वातावरण आणखी चिघळलं. 2015 मध्ये ओबामांनी त्या योजनेतल्या काही वस्तूंवर बंदी घातली, 2017 मध्ये ट्रम्प यांनी ती उठवली, 2022 मध्ये बायडन यांनी पुन्हा निर्बंध आणले. एवढी उलटापालट झाली, तरी कोणती वस्तू कशासाठी हे तिथे अजून ठरलेलं नाही.

आणि सामान असलं म्हणजे काम होतंच असंही नाही. टेक्सासमधल्या युवाल्डीची शाळा, 24 मे 2022. वर्गात एकच बंदूकधारी. बाहेर वेगवेगळ्या दलांचे मिळून 376 पोलीस जमले, रायफली होत्या, पुढे ढालीही आल्या. आत शिरायला 77 मिनिटं लागली. 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. हुकूम कुणाचा चालतो हेच तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मला या घटनेबद्दल लिहितानाही हात जड होतो. त्याच्या उलट आपला तुकाराम ओंबळे. गिरगाव चौपाटीची नाकाबंदी, हातात लाठी, समोर कसाबची एके. त्यांनी रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पण ओंबळ्यांचं नाव घेऊन "आमच्या माणसाला लाठी पुरते" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्या नाकाबंदीवर जाकीट आणि हेल्मेट घातलेली, रायफलीचा सराव असलेली दोन माणसं उभी करणं हे खात्याचं काम होतं.

गर्दीचं शास्त्र या सगळ्याहून निराळं आहे, आणि नाशिकला रोज लागतं ते हेच. जुन्या नाशकात चल माझ्याबरोबर. दूध बाजारातून चौक मंडईकडे, तिथून भद्रकालीच्या आतल्या गल्ल्यांत. काही ठिकाणी समोरून रिक्षा आली तर स्कूटर भिंतीला टेकवावी लागते. चिलखती गाडी तिथे शिरणार नाही, आणि शिरली तर मागे येणार नाही. आत बसलेल्यांना बाहेरचं ऐकू येत नाही. कोण दगड मारतोय आणि कोण दगड मारणाऱ्याला आवरतोय, हे त्या काचेतून कळत नाही. वरच्या मजल्यावरून पेटती बाटली पडली तर दरवाजा उघडायचा की नाही हाच प्रश्न. गर्दीसाठी आपल्याकडे वेगळ्या गाड्या आहेत: अश्रुधुराच्या नळकांड्या सोडणारं 'वज्र', पाण्याचा मारा करणारं 'वरुण'. त्यांच्या खिडक्यांना जाळ्या असतात, त्या दगडापुरत्या असतात, आणि तेवढंच पुरेसं आहे.

भद्रकाली हद्दीतली एक रात्र आठवते. दोन गल्ल्यांच्या तोंडाशी दोन जमाव, मध्ये आम्ही चौदा जण. राज्य राखीव दलाची तुकडी यायला वीस मिनिटं होती. माझ्याबरोबरच्या हवालदाराने त्या भागात अकरा वर्षं बीट सांभाळलं होतं. त्याने मला विचारलं, "साहेब, हेल्मेट काढू का?" मी नाही म्हणालो. तरी त्याने काचेचा भाग वर केला, चेहरा दिसेल एवढा, आणि चार पावलं पुढे जाऊन एका पोराला नावाने हाक मारली. "तुझ्या अब्बांना बोलव, मला त्यांच्याशी बोलायचंय." मग वळून दुसऱ्या बाजूच्या एकाला, "आणि तू, आईला सांगून आलास का?" पुढच्या रांगेतली पोरं जरा सैल झाली. त्या वीस मिनिटांत दोन्हीकडची चार वयस्कर माणसं खाली उतरली, शांतता समितीच्या बैठकांना येणारीच माणसं. दगड पडले नाहीत असं नाही, पाच-सहा पडले, एकाचं मनगट फुटलं. पण रात्र निभावली. हवालदाराच्या जागी आम्ही टपावर रायफल असलेली गाडी उभी केली असती तर त्या वयस्करांपैकी कुणी जिन्यावरून उतरलं नसतं.

दरवेळी बोलून भागत नाही, हेही खरं. एप्रिल 2025 मध्ये काठे गल्लीत रात्री दगडफेक झाली, वीसच्या आसपास पोलीस जखमी झाले, गाड्या फुटल्या. तेव्हा मी निवृत्त होतो. पण अशा रात्री काय लागतं ते मला ठाऊक आहे: पारदर्शक लांब ढाल, मानेपर्यंत झाकणारं हेल्मेट, नडगीचे आणि खांद्याचे गार्ड, जोरदार सर्चलाइट, आणि सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येईल असा एक आवाज. यातलं कोणतंही सामान सैन्याचं नाही. तरी हेल्मेटचा पट्टा तुटलेला, काच इतकी ओरखडलेली की समोरचं धूसर दिसतं, म्हणून ते काखेत धरून उभा असलेला शिपाई मी माझ्या नोकरीत कितीदा पाहिला. जाकिटांचं तेच. जुनी जाकिटं दहा-दहा किलोंची. मे महिन्यात नाकाबंदीला आठ तास घालून बघ. माणूस तासाभरात काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवतो. महिला शिपायांना पुरुषांच्या मापाची दिली जायची, बगलेकडे पोकळी राहायची. 2018 मध्ये आपल्याकडे बुलेटप्रूफ जाकिटांसाठी आयएस 17051 हे मानक आलं. आता कोणत्याही खरेदीत त्या मानकाचा शिक्का आणि मापांची यादी दोन्ही तपासता येतात.

सिंहस्थाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. 27 ऑगस्ट 2003 ला शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. मी नदीच्या पलीकडच्या बाजूला बंदोबस्ताला होतो. वायरलेसवर आधी नुसता गोंधळ, मग "ॲम्ब्युलन्स, ॲम्ब्युलन्स", आणि ॲम्ब्युलन्सला यायला वाट नाही, कारण वाटेत माणसंच माणसं. चपलांचा खच मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवशी एकाही माणसाच्या हातात बंदूक नव्हती. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच घाटावर त्याहून कितीतरी जास्त माणसं येणार आहेत. तिथे मोकळी सोडलेली वाट, उंचावरून गर्दी मोजणारा कॅमेरा आणि तो बघून "वरचं फाटक बंद" म्हणायचा अधिकार असलेला एकच अधिकारी लागेल. ढकलाढकलीत न मोडणारे पण आतून झटकन उघडणारे अडथळे, पाण्यात बोटी, आणि गर्दीला कळेल अशा भाषांत बोलणारे भोंगे लागतील. आकाशातून अनोळखी ड्रोन आला तर तो ओळखून पाडायची सोय हीही आता गरज आहे. ती सैन्याच्या ढंगाची वस्तू आहे आणि मी तिला पाठिंबा देईन.

सैन्याकडून एकच वस्तू घ्यायची म्हटलं तर मी गाडी घेणार नाही. मी टूर्निकेट घेईन. हातापायाची मोठी रक्तवाहिनी फुटली तर वरच्या बाजूला आवळून रक्त थांबवणारा पट्टा. इराक आणि अफगाणिस्तानात सैनिकांचे जीव यानेच मोठ्या संख्येने वाचले, असं तिथल्या लष्करी डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. एका हाताने स्वतःला बांधता येतो, खिशात मावतो, आणि चिलखती गाडीच्या मानाने त्याची किंमत अगदी किरकोळ असते. गडचिरोलीत आमच्या एका पोराच्या मांडीला गोळी लागली होती. आम्ही कमरेचा पट्टा आवळला, तो निसटत राहिला. तीन तास पायी चाललो. तो वाचला, पण ते तीन तास माझ्या हातात अजून आहेत.

शस्त्रांबद्दल थोडक्यात. प्रत्येक पोलीस ठाण्यात सराव असलेली तीन-चार माणसं आणि त्यांच्यासाठी हलक्या रायफली असाव्यात. सगळ्यांच्या खांद्यावर एके टांगायला माझा विरोध आहे. त्या गोळीचा पल्ला लांब, आणि जुन्या वाड्याच्या पातळ भिंतीमागे कुणीतरी जेवत बसलेलं असतं. वर्षातून मोजक्या फैरी झाडून बंदूक हातात बसत नाही. नवीन रायफली घेण्याआधी सरावाच्या गोळ्या वाढवा, असं मी लेखी कळवलं होतं. त्या कागदाचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही.

आता तुझ्या शेवटच्या वाक्याकडे येतो: "ती आपल्यावरच चालतील?" ही भीती मनात येणं साहजिक आहे. कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 प्रमाणे बेकायदा जमाव पांगवायचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाणेदार, आणि त्याच्या गैरहजेरीत फौजदाराच्या हुद्द्याचा अधिकारी देऊ शकतो. तेवढ्याने भागलं नाही तर कलम 149 प्रमाणे दंडाधिकारी सैन्याला बोलावू शकतात, आणि तिथेही सैन्याच्या अधिकाऱ्याने शक्य तितकं कमी बळ वापरायचं असं लिहिलेलं आहे. म्हणजे खरंच सैन्याची वेळ आली तर देवळाली जवळच आहे आणि बोलावायची रीत ठरलेली आहे. पोलिसांनी स्वतः सैन्य व्हायची गरज नाही. पण चिलखती गाडी मुख्यालयाबाहेर कधी काढायची, याबद्दल कायद्यात काही नाही. ते आपण ठरवून घ्यायला हवं. कॅलिफोर्नियात 2021 च्या एका कायद्याने स्थानिक पोलिसांना असं सामान घेण्यापूर्वी निवडून आलेल्या मंडळाची उघड बैठकीत मंजुरी घ्यावी लागते आणि दरवर्षी ते कुठे वापरलं याचा अहवाल द्यावा लागतो. आपल्याकडे पोलीस राज्याच्या अखत्यारीत, महापालिकेला यात काही अधिकार नाही. मात्र पोलिसांच्या कितीतरी गाड्या जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून येतात, आणि त्या समितीत तुमचे-आमचे, सगळ्यांचे लोकप्रतिनिधी बसतात. गाडीचा प्रस्ताव तिथे आला तर चार गोष्टी विचारायला सांग: ती कुठल्या धोक्यासाठी आहे, बाहेर काढायचा लेखी हुकूम कुणाचा, चालवणारे दोन ड्रायव्हर किमान तीन वर्षं बदलणार नाहीत ना, आणि देखभालीचा खर्च वेगळा धरलाय का.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, शिकवत असताना, माझ्या अखत्यारीत सरावापुरती अशी एक गाडी होती. मी एवढंच केलं होतं: दर सोमवारी सकाळी सात वाजता ती पूर्ण पथकासह बाहेर काढायची, त्र्यंबक रोडने पोलीस अकादमीपर्यंत नेऊन आणायची, आल्यावर सगळ्यांनी जाकिटासकट उतरून दाखवायचं, किती सेकंद लागले ते लॉगबुकात लिहायचं, खाली दोन्ही ड्रायव्हरांच्या सह्या. पहिल्या सोमवारी उतरायला 41 सेकंद लागले होते. चौथ्या महिन्यात 12.